आईसमोरची तोंडी परीक्षा

परदेशातल्या एका विद्यापीठाने मला घेतलं होतं, पण अट घालून. इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेत नऊपैकी सात आले तर या, नाहीतर घरी बसा. पहिल्या खेपेला सहा आले होते. दुसऱ्या खेपेनंतर मुदतच संपत होती.

तसं इंग्रजी मला येत होतं. शाळा मराठी असली तरी कॉलेजची जाडजूड पुस्तकं इंग्रजीतूनच वाचली होती. पण वाचणं वेगळं आणि परक्या माणसासमोर तोंड उघडणं वेगळं. म्हणून बदलापूरहून उल्हासनगरला क्लासला जायचे. कापडाच्या दुकानावरच्या एका खोलीत आमचे सिंधी सर शिकवायचे. त्यांचा मंत्र एकच, "बेटा, रुकना मत. रुके तो गए." कोणी थांबू नये म्हणून त्यांनी सगळ्यांकडून तीच ती उत्तरं घोटून घेतली. त्यामुळे आमच्या बॅचमधल्या यच्चयावत मुलांची अविस्मरणीय सहल मनालीची होती. मी तोवर माथेरानच्या पलीकडे गेले नव्हते, पण बर्फाचं वर्णन असं करायचे की ऐकणाऱ्याला हुडहुडी भरावी.

सराव घरी, बदलापुरातल्या मांजर्लीत, आईसमोर. बाबा अंबरनाथच्या कारखान्यात अधिकारी. त्यांचं इंग्रजी चांगलं, पण ते दर वाक्याला चूक काढायचे. आईला फारसं येत नसल्यामुळे तिच्यासमोर माझी जीभ मोकळी सुटायची. ती मोड आलेले वाल सोलत बसायची आणि प्रश्न मराठीत विचारायची, मी इंग्रजीत उत्तर द्यायचे. मनाली आली की मात्र ती हमखास अडवायची. म्हणायची, शुभंकरोती म्हटल्यासारखं काय म्हणतेस, नीट बोल की. मी चिडायचे. तुला काय कळतंय त्यातलं, असंही म्हणायचे. मग दोघी हसायचो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. आज इथे परदेशातल्या खोलीत ते आठवलं की जीव कासावीस होतो. तसं ऐकून घेणारं माणूस मला इथे भेटलेलं नाही.

परीक्षेत मी मनाली सुरू केली. दोन वाक्यं झाली असतील, तोच समोरच्या बाईंनी हात वर केला. सकाळपासून किती जणांबरोबर त्या मनालीला जाऊन आल्या होत्या, देव जाणे. त्यांनी विषयच बदलला. घरात तुम्ही सगळ्यात जास्त कोणाशी बोलता, असं विचारलं. याचं उत्तर क्लासने दिलं नव्हतं. मी थांबत, अडखळत बोलत गेले. शेवटी शेवटी डोळ्यांत पाणी आलं, तरी बोलत राहिले.

सात आले. बाबांनी अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले. आई स्वयंपाकघरात होती. तिने विचारलं, त्या बाईंना काय सांगितलंस म्हणून. आमच्या घरात असलं काही कोणी बोलून दाखवत नाही. आजारी पडलं तर कपाळावर हात ठेवतात, बस. इंग्रजीत जे कसंबसं का होईना निघालं होतं, ते मराठीत ओठांवर येईना. तरी म्हटलं, "सांगितलं की आईला सोडून जायचं म्हटलं की पोटात खड्डा पडतो."

तिने गॅस बारीक केला. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मग थोडे कमी मार्क पाडायचे होतेस."