बळीराम खांबावर थांबला तेव्हा

"मामा, बेल्ट सोडू का?"

बळीराम वरून ओरडला तेव्हा तो अकरा केव्हीच्या खांबाच्या टोकाशी होता आणि त्याचा एक हात बेल्टच्या हुकावर होता.

बेल्ट म्हणजे लाइनमनच्या कमरेचा जाड पट्टा. तो खांबाभोवती फिरवून हुकात अडकवला की दोन्ही हात कामाला मोकळे होतात. काम चालू असताना तो कोणी सोडत नाही. बारा वर्षं खांबांवर काढलेल्या बळीरामला हे सांगायची गरज नव्हती. म्हणूनच तो प्रश्न ऐकून मी खांबाच्या बुडाशी धावलो.

वीज कंपनीच्या जवळा बाजारकडच्या एका सेक्शनला मी तेव्हा सगळ्यात जुना लाइनमन होतो. रिटायर व्हायला वर्ष राहिलं होतं. त्या सकाळी काम साधं होतं. जळालेला जंपर, म्हणजे दोन तारा जोडणारा तुकडा, बदलायचा. परमिट घेतलं होतं. लाइन बंद आहे आणि मी सांगेपर्यंत चालू होणार नाही, असं सबस्टेशननं लेखी दिलं होतं. तारा जमिनीला जोडून अर्थिंग केलं होतं. करंटची भीती नव्हती. भीती फक्त उंचीची होती, आणि बळीराम तर तांड्यावर चालता येण्याआधी झाडावर चढला असेल, असं आम्ही म्हणायचो.

"काहून रे? काय झालं?"

"छाती दाबून राहिली. हात-पाय बधिर झाले. मी मरून राहिलो, मामा!"

मी नेहमीचं तेच केलं. ओरडलो. "घाबरू नको! काही झालं न्हाई! दम घे!" त्यानं आणखी भराभर दम घेतला.  बांधावर चार माणसं जमली, एकानं मोबाइल काढला. त्यांना मी हाकललं.

तेवढ्यात साहेबांचा फोन. साहेब म्हणजे आमचे सेक्शन इंजिनिअर, वयानं माझ्या पोराएवढे, कामाला चांगले.

"कदम, फीडर कधी चार्ज होतो, लाइट कधी येते? तीन गावांतून फोन येऊन राहिलेत."

"साहेब, माणूस वर अडकलाय. मी सांगेपर्यंत फीडरचं नाव काढू नका."

त्यांनी बरं म्हणून फोन ठेवला. मी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमला फोन लावला. वीज गेली की त्या मला फोन करायच्या, म्हणून नंबर होता. त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "हृदयाचं काही आहे का ते खाली आल्यावर बघूच. लगेच इकडे आणा. पण हा भीतीचा झटका असू शकतो. त्याला दम घे म्हणू नका, तो आधीच जास्त घेतोय, त्यानंच हात बधिर होतात. श्वास सोडायला लावा. सावकाश. दिव्यावर फुंकर घालावी पण वात विझू नये, असा. आणि त्याचं लक्ष बाहेर कुठंतरी लावा."

मी माझा बेल्ट बांधला आणि शिडी चढलो. गुडघे कुरकुरले. त्याच्या पायांपाशी पोचून बेल्ट अडकवला आणि त्याच्या बुटावर हात ठेवला.

"मी आलोय. हुकावरचा हात काढ. खांब धर. आपल्याला घाई न्हाई."

"साहेब..."

"साहेबाला सांगितलंय. आता फुंकर घाल. वात विझू द्यायची न्हाई."

पहिल्या चार-पाच फुंकरा वाया गेल्या. मग एक जरा लांबली. पलीकडच्या पडीक रानात एक बाई जनावरं चारत होती. मी म्हणालो, "त्या शेळ्या किती हायत, मोज."

त्यानं मान वळवून रानाकडं बघितलं. मग तो म्हणाला, "एकवीस." थोड्या वेळानं, "तेवीस. आन् मामा, त्या मेंढ्या हायत. शेळ्या फक्त दोन हायत."

"मला तर शेळ्याच दिसून राहिल्या."

"तुमाला डोळे हायत का न्हाईत?"

त्याला माझा राग आला तेव्हा मी निर्धास्त झालो. पंधरा-वीस मिनिटांत आम्ही पायरी-पायरीनं खाली आलो. जंपर दुसऱ्या माणसानं बदलला.

मॅडमनी ईसीजी काढला, रक्त तपासलं, हिंगोलीलाही एकदा दाखवायला लावलं. हृदय ठीक होतं. मग त्यांनी विचारलं, "झोप किती होते?"  उत्तर त्याच्या बायकोनं, सुमननं दिलं. "दोन महिने झाले, नीट झोपत न्हाईत. विचारलं तर म्हणतेत, गरम व्हतंय."

तेव्हा कळलं. दोन महिन्यांपूर्वी, पावसाळ्यात, वाऱ्यानं एक खांब कलला होता, बळीराम वर असताना. पडला नाही. तो उतरला, हसला, चहा पिला. आम्हीही हसलो आणि विसरलो. त्याचं शरीर विसरलं नव्हतं. झोप गेली, म्हणून दिवसाला दहा-बारा चहा सुरू झाले, आणि चहानं उरलेली झोपही गेली. मॅडमचं बोलणं मी त्याला आमच्या भाषेत सांगितलं, "लाइनीत फॉल्ट नसताना फीडर ट्रिप होऊन, आपोआप बंद पडून राहिला. लाइन चांगली हाय."

साहेब म्हणाले, "त्याला ऑफिसात बसवू. बिलांच्या तक्रारी घेईल."

"कायमचं बसवलं तर तो पुन्हा खांबाकडं बघणार न्हाई, साहेब. मॅडमचं सर्टिफिकेट येईस्तोवर खाली ठेवा. मग माझ्याकडं द्या."

हिंगोलीला जिल्हा रुग्णालयात समुपदेशक बसतात. तिथं जायला बळीराम तयार होईना. "मी येडा हाव का?" सुमन म्हणाली, "दात दुखला तर जाता. चला." गेला. पाच-सहा वेळा गेला. चहा दोनावर आला. संध्याकाळी दोघं तांड्याच्या रस्त्यानं चालायला जायला लागले.

फिटनेसचं सर्टिफिकेट मिळाल्यावर मी त्याला सबस्टेशनच्या आवारातल्या मोकळ्या खांबावर न्यायला लागलो. त्या खांबाला तारच नव्हती. पहिल्या दिवशी चार हात उंच. समुपदेशकानं नियम घालून दिला होता: भीती वाढली की लगेच पळत उतरायचं नाही. थांबायचं, श्वास सोडायचा, ती ओसरली की उतरायचं. पहिल्यांदा ओसरायला बराच वेळ लागला. मी खाली उभा राहून सोयाबीनच्या भावावर बोलत राहिलो. तिसऱ्या आठवड्यात तो टोकाला बसून मला म्हणाला, "मामा, तुमी घरी गेलात तरी चालंल."

संक्रांतीनंतर त्यानं रानातला एक जंपर स्वतः बदलला. झटका नंतरही एकदा आला, असं त्यानंच फोनवर सांगितलं. "आला, थांबला, गेला. मी काम करूनच उतरलो." आवाजात बढाई नव्हती. हवापाणी सांगावं तसं सांगितलं.

मी आता रिटायर आहे. सेक्शनला सकाळी हातमोजे आणि बेल्ट तपासतात, तेव्हा साहेब प्रत्येकाला विचारतात, झोप झाली का. बहुतेक जण न झालेली झोपही झाली म्हणतात. पण रोज विचारलं की महिन्यातून एखादा खरं सांगतो, आणि त्या दिवशी त्याला खाली ठेवता येतं. तेवढ्यासाठी उरलेले एकोणतीस दिवस विचारायला हरकत नाही.