आखाजी उलटल्यावर पोचलेल्या सांजोऱ्या

बाळांनो, आजी पोस्टात भांडली हे तुम्हाला आईकडून कळलंच असेल. खरं काय झालं ते राग आहे तोवरच लिहिते.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते. जिला येणं जमत नाही, तिला माहेरहून सांजोऱ्या जातात. एरंडोलला आपल्या शेजारची अक्का त्या तळते, मोबाइलवर ऑर्डर घेते आणि पोस्टाने पाठवते. धुळ्याकडच्या खेड्यांत आता टपाल रोज वाटत नाहीत, हे तिला कुणी सांगितलंच नाही. सगळे डबे आखाजी उलटल्यावर पोचले.

मी तिला घेऊन पोस्टात गेले. खिडकीतले साहेब म्हणाले, "आजी, सांजोरी दोन दिवसांनी गोड लागत नाही का?"

"साहेब, तुम्ही दिवाळी दोन दिवसांनी करता का?"

ते कागद चाळत बसले. अक्का एवढंच म्हणाली, "बठ्ठ्या पोरी वाट दखत व्हत्यात." सगळ्याच पोरी डब्याची वाट पाहत होत्या.

वाटपाचे दिवस पोस्टाने कमी केले आणि नाव खराब झालं अक्काचं. लांबच्या ऑर्डरी तुटल्या. एसटीच्या वाटेवरची गावं तेवढी राहिली आहेत. तिथले डबे ती स्वतः नेऊन देते.