प्रवाळी रंगाचे आठ हात

ब्रोनेक वोयचिक अमेरिकेत, हॅमट्रॅमॅक या पोलिश वस्तीच्या गावी, मोटार कारखान्यात रंगखात्यात होता. वीस वर्षांत त्याने रंगवलेल्या दारात कुणाला खोट काढता आली नाही. स्वतःची गाडी मात्र नव्हती.

१९५५ च्या नाताळात त्याने मासिकात एक जाहिरात पाहिली. अंगणात बर्फ, त्यात प्रवाळी रंगाची गाडी, टपावर लाल रिबीन आणि दोन्ही हात गालांवर ठेवून थक्क झालेली बाई. खाली सल्ला होता, बायकोला आधी कळू देऊ नका. ब्रोनेकने ते पान फाडून जेवणाच्या डब्यात ठेवलं.

त्याची बायको जेन्या आठवड्याचे सहा दिवस बेकरीत राबे. युद्धात तिने कारखान्याचे ट्रक चालवले होते, नवऱ्यापेक्षा सफाईने. तिची आई शंभर मैलांवर शेतावर अंथरुणाला खिळलेली. बस वीस मैल अलीकडे सोडायची. रविवारच्या एका सुट्टीत जाऊन येणं जमत नसे. मित्राची, स्टाशची, गाडी एखाद्या रविवारी मागून आण, असं ती नवऱ्याला किती वेळा म्हणाली. तो म्हणे, नाताळानंतर बघू.

त्याचे रविवार स्टाशच्या गॅरेजात जात होते. अपघातात चेपलेली एक गाडी त्याने तिथे आणून टाकली होती. पत्रा ठोकून सरळ केला, खड्डे बुजवायला लांबी भरली, घासली, पुन्हा भरली. सप्टेंबरात इंजिन सुरू झालं.

स्टाश म्हणाला, "आता देऊन टाक की तिला. रंग मागाहून मार."

"असली ठिगळाची देऊ? चित्रातल्या बाईला कुणी ठिगळं दिली होती?"

"चित्रातल्या बाईला आजारी आई नव्हती."

ब्रोनेकने घासायचा कागद पुन्हा हातात घेतला. रंगाचे आठ हात द्यायचे होते. प्रत्येक हात वाळू द्यायचा, पाणी मारून घासायचा, बोटांनी चाचपायचा. घाई केली की रंग ओघळतो. नवरा रविवारी दारूच्या अड्ड्यावर जातो, अशी जेन्याची खात्री झाली.

डिसेंबरात शेतावरून पत्र आलं, आईचं आता फार दिवसांचं राहिलं नाही. त्या रविवारी ती कोट घालून दारात उभी राहिली. "आज तरी चल."

शेवटचा हात बाकी होता. तो म्हणाला, एकच आठवडा थांब.

मंगळवारी तिची आई गेली. दफनाला दोघं स्टाशच्या गाडीतून गेली.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी ब्रोनेकने गाडी दारात आणून लावली. रिबीन त्याच्याने बांधवली नाही. जेन्या बाहेर आली, गाडीभोवती फिरली. दारावरून तिने तळहात फिरवला.

"तू केलीस?"

"हो. तुझ्यासाठी."

"चालायला कधी लागली?"

खोटं बोलता आलं असतं. स्टाशनेही सांभाळून घेतलं असतं.

"सप्टेंबरात," तो म्हणाला.

तिने हात काढून घेतला आणि आत गेली.

पहिली चांदणी उगवल्यावर दोघं टेबलाशी उभी राहिली. या संध्याकाळी चर्चमधून आणलेली पातळ पापडी एकमेकांच्या हातची मोडून खायची आणि वर्षभराचं सगळं माफ करायचं, ही पोलिश घरांतली रीत. ब्रोनेकने आपली पुढे केली. जेन्याने स्वतःची बशीत ठेवली आणि बीटाचं सार वाढायला घेतलं.