बसलं की थांबायचं

पाचूबंदरच्या कमळीबायला मी पहिल्यांदा भेटले ती भांडायला. आज तिच्याबद्दल बोलताना माझा आवाज खाली येतो, म्हणून हे आधीच कबूल केलेलं बरं.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. वसईत फ्लॅट घेतला त्याला सहा वर्षं झाली. माझी उन्नती आठ वर्षांची, आणि ती बोलताना अडखळते. वर्गातल्या केल्विनशी तिची गट्टी. त्याचं घर पाचूबंदरला, किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यात, म्हणून रविवारी ती तिकडे खेळायला जायची. खेळ एकच, लढाई. काठ्यांच्या तलवारी, डब्यांच्या झाकणांच्या ढाली, आणि बोंबील वाळत घातलेल्या बांबूंपलीकडे वाळूत दहा-बारा पोरांची फौज. त्या रविवारी तिला आणायला गेले, तर भुवईवर हे एवढं टेंगूळ! डोळा थोडक्यात वाचला होता.

माझं डोकं फिरलं. "कुणी मारलं हिला?"

केल्विन पुढे आला. रडवेला झाला होता. "मी, आंटी. खांद्यावर मारत होतो, ती मधेच वाकली. पण ती 'थांब' बोललीच नाय. आमचा नियम हाय, थांब बोललं की कोनी हलायचं नाय."

"कुणी शिकवला हा नियम?"

सगळ्यांची बोटं एकाच बाईकडे वळली. साठीची, काटक, कमरेला घट्ट खोचलेलं लुगडं, बोंबील उलटवत उभी. ही कमळीबाय. नवरा गेला तेव्हा दोन मुलगे लहान होते. डोक्यावर पाटी घेऊन तिनं वसईत दारोदार मासळी विकली, मुलांना वाढवलं, आता ते होडी चालवतात. शाळेची पायरी ती कधी चढली नाही. बाकीच्या बायका पोरांना वाळवणापासून हुसकून लावायच्या. ही त्यांना जागा द्यायची, पण लढाईचे नियम आधी पोरांनी ठरवायचे आणि तिला म्हणून दाखवायचे, तरच. गळ्याच्या वर काठी नाही. काठी हातभरापेक्षा लांब नाही. पडलेल्यावर वार नाही. 'थांब' तेवढा तिनं दिलेला. होडी किनाऱ्यावर ओढताना तीस-तीस माणसं दोराला असतात. कुणाचा पाय होडीखाली सरकवलेल्या ओंडक्यांत सापडला की तो ओरडतो, आणि सगळे जागच्या जागी थांबतात. का, ते कुणी विचारत नाही.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त तोंड सोडलं. "ओरडता येतं त्यांच्यासाठी ठीक आहे तुमचा नियम! हिचा 'थ' बाहेर पडेपर्यंत हिचा डोळा जाईल!"

सगळ्या पोरांसमोर बोलले मी हे. उन्नतीनं मान खाली घातली, आणि माझीच मला लाज वाटली.

कोळीणबाई आता आपल्याला धुऊन काढणार, अशी माझी खात्री. पण कमळीबायनं हातातले बोंबील खाली ठेवले. मग उन्नतीसमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "चुकली मी, बाय. माज्या ध्यानात नाय आलं." साठ वर्षांची बाई आठ वर्षांच्या पोरीची माफी मागत होती, तीही चारचौघांत. मी माझ्या आयुष्यात कुण्या मोठ्या माणसाला असं करताना पाहिलेलं नव्हतं.

तरी मी उन्नतीचा दंड धरला. "चल. हे खेळणं आजपासून बंद." तिनं दोन्ही हातांनी बांबू कवटाळला आणि काही केल्या सोडेना.

"तुजी पोर हाय, न्यायची तं ने," कमळीबाय म्हणाली. "पन दोन मिनटं दे." मग ती पोरांकडे वळली. "जिला वरडता येत नाय तिनं लढाई कशी थांबवायची रे?"

"तुम्हीच सांगा ना एकदाचं," मी चिडून म्हटलं.

"मी सांगितलेलाच तं फसला. आता लढनाऱ्यांनीच शोधू दे."

एकजण म्हणाला, शिट्टी. पण तोंडात शिट्टी धरून आरोळ्या कशा ठोकणार? दुसरा म्हणाला, हात वर करायचा. केल्विननं लगेच मान हलवली. वार करतानाही हात वरच जातो. बराच वेळ घोळ चालला. तेवढ्यात उन्नतीनं बांबू सोडला, माझ्या हातातून दंड सोडवून घेतला, पोरांच्या मधोमध गेली आणि वाळूत फतकल मारून बसली. एक शब्द बोलली नाही.

पोरं बघत राहिली. मग केल्विन ओरडला, "बसलं की थांबायचं! उठेपर्यंत कोनी हलायचं नाय!"

कमळीबाय गालात हसली. "आता खेळून बघा."

मी उन्नतीला मागे ओढायला पुढे झाले. कमळीबायनं माझं मनगट पकडून ठेवलं, ओल्या, मासळीच्या वासाच्या हातानं. लढाई पेटली. दोघंजण उन्नतीवर चालून गेले, आणि ती मटकन खाली बसली. बारा काठ्या जिथल्या तिथे थांबल्या. ती उठली, लढली, पुन्हा बसली, पुन्हा सगळे थांबले. तिसऱ्यांदा बसली तेव्हा एक चिमुरडा कुरकुरला, "उगाच बसते ही!"

"बसू दे," केल्विन म्हणाला. "का ते इचारायचं नाय."

उन्नतीनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि तोंड उघडलं. "मा... मा..."

शाळेत कुणी ना कुणी तिचं वाक्य पुरं करून टाकतं. घरी मी करते. आताही माझे ओठ उघडले होते. कमळीबायनं मनगट दाबलं. काठ्या उगारलेल्या, ढाली छातीशी धरलेल्या, आणि एवढी सगळी पोरं मुकाट तिच्या तोंडाकडे बघत उभी. ती उठली नव्हती, म्हणून कुणी हललं नाही. मिनिटभर तरी लागलं असेल.

"मा... माझी च... चप्पल तुटली," उन्नती म्हणाली. अख्खं वाक्य, तिचं तिनं.

"मग काढून टाक ना," केल्विन म्हणाला.

तिनं चप्पल काढली, उठली आणि त्याच्यावर तुटून पडली. माझं मनगट कमळीबायनं कधी सोडलं, मला कळलंही नाही.