गया म्हणजे गळा

माझी मावशी शिव्या देण्यात पंचक्रोशीत नावाजलेली होती. दचकू नका. आमच्याकडे, म्हणजे नामपूर-सटाण्याच्या बाजूला, लग्नात नवरीकडच्या बायका पंगतीच्या कडेला बसून वरमाईला गाण्यातून शिव्या देतात. नाक कसं नकटं, चाल कशी म्हशीची, लाडू कसे पदरात लपवलेत, असं काय काय. वरमाई तोंडाला पदर लावून हसते आणि आपल्या वाट्याला किती आलं यावर बारीक लक्ष ठेवून असते. मावशीने एकदा एकीला दोन कडव्यांत सोडलं, तर त्या बाई निघताना फुरंगटून म्हणाल्या, "माझ्या जावेच्या वेळी एवढं गायलात, मग मी काय घोडं मारलं होतं?"

बरीचशी गाणी जुनी, सगळ्याच बायकांना येणारी. काही मात्र मावशीने स्वतः रचलेली. त्यातलं एक तिने तिच्या स्वतःच्या विहिणीसाठी केलं होतं, कारण त्या बाई बोलायला लागल्या की घशातून करकर आवाज यायचा:

"इहीनबाईना गया, जसा कोरडा मया,
पानी पाजा व कोनी, गया सुकी गया!"

नाशिकच्या वाचकांसाठी सांगते, ही अहिराणी. आमच्या बोलीत 'ळ' चा 'य' होतो. गळ्याला गया म्हणतात, मळ्याला मया. आणि 'गेला' यालाही गयाच म्हणतात. म्हणजे विहीणबाईंचा गळा कोरड्या मळ्यासारखा आहे, कुणीतरी पाणी पाजा, गळा सुकून गेला. 'गया सुकी गया' वर मावशी असा झटका द्यायची की बायका एकमेकींच्या अंगावर पडायच्या.

हे गाणं मी एका लग्नात फोनवर चित्रित केलं आणि नेटवर टाकलं. मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई, मला कुठे वाहवा मिळवायची होती! नात्यातल्या मुलींना बघता यावं, शिकता यावं, एवढंच. वरती भोळेपणाने नाव दिलं, 'विहिणीला शिव्या'. पुढे माझा तो फोन बंद पडला तो पडलाच. दुरुस्तीवाला म्हणाला, आतलं काही मिळणार नाही. मी म्हटलं, राहू दे, नेटवर आहे ना. सगळे शहाणे हेच सांगत असतात, नेटवर गेलेलं कधी पुसलं जात नाही म्हणून. आपली उधळलेली मुक्ताफळं पुसली जात नसतील बहुतेक. मावशीचं गाणं पुसायला नेटवाल्यांना फार कष्ट पडले नाहीत.

मग मावशीच्या गळ्यात गाठ निघाली. नाशिकला आणून ऑपरेशन केलं. गाठ गेली, बाई वाचली, पण आवाज गेला. ओठ हलतात, हवा येते, कान जवळ नेला तर शब्द कळतात, पण आवाज म्हणून काही नाही. शुद्धीवर आल्यावर तिने मला खूण करून जवळ बोलावलं आणि कुजबुजली, "मना गया गया." माझा गळा गेला. आणि स्वतःच्या या कोटीवर स्वतःच खांदे हलवून हसली. मी बाहेर येऊन जिन्यात रडले.

तेव्हापासून तो व्हिडिओ हाच मावशीचा आवाज. नामपूरला घरी सुना भाकरी टाकत असल्या की मावसभाऊ फोन फळीला टेकवून ठेवायचा आणि मावशी समोर बसायची. सुना व्हिडिओबरोबर गायच्या, कुठे चुकल्या की मावशी लाटणं आपटायची. तिला शिकवता येत होतं ते एवढ्यामुळेच.

आता त्या नेटवाल्या महाशयांची कृपा सुरू होते. एके दिवशी व्हिडिओ गायब. कारण दिलं होतं, छळ आणि गुंडगिरी. कोणत्या तरी मशीनने ठरवलं होतं की नऊवारीतली एक म्हातारी दुसऱ्या म्हातारीला त्रास देते आहे! माझं डोकंच फिरलं. जगातली सगळी घाण ज्यांच्या दारातून राजरोस वाहते, येता-जाता बायकांना धमक्या देणारे ज्यांना दिसत नाहीत, त्यांना आमच्या पंगतीतली शिवी टोचली. मी हरकत घेतली. लिहिलं की बाबांनो, आमच्याकडे शिव्या नाही दिल्या तर वरमाई रुसते, आणि हवं तर त्या वरमाईंनाच विचारा, त्या ठणठणीत आहेत. उत्तर आलं, 'आपल्या संयमाबद्दल आभार.' संयम! माझ्या घरचे हे वाचून हसले, कारण मला तो कधीच नव्हता. पण काही दिवसांनी कुणाच्या काय मनात आलं कोण जाणे, व्हिडिओ परत आला. मी नाव बदलून 'लग्नगीत' केलं, आणि ते करताना माझी मलाच लाज वाटली.

त्यानंतर मावसभावाचा फोन. "ताई, आवाज येत नही. मोबाईल बिघडना का काय?"

मी इथे लावून पाहिलं. चित्र होतं, मांडव होता, मावशी होती, तिचे ओठ हलत होते, हात वर जात होता, बायका लोटपोट होत होत्या. आवाज काढून टाकला होता. खाली एक ओळ, या व्हिडिओतलं संगीत अमुक कंपनीच्या मालकीचं आहे.

मी दुसऱ्याच दिवशी एसटीने नामपूर गाठलं. मावशी ओट्यावर फोन घेऊन बसली होती आणि आवाजाचं बटण दाबत होती. वर, वर, अजून वर. फोन कानाला लावायची, परत समोर धरायची, स्वतःच्या हलणाऱ्या तोंडाकडे बघायची. मला पाहिलं तसं तिने माझा हात ओढून आपल्या कानावर ठेवला. तिला वाटलं होतं, आता कानही गेले.

"कान चांगले आहेत गं," मी ओरडूनच म्हणाले. "आवाज चोरलाय मेल्यांनी."

गाणं त्या कंपनीचं कसं, ते मावसभावाने सांगितलं. पुष्कळ वर्षांपूर्वी एक गृहस्थ यंत्र घेऊन नामपूरला आला होता. संशोधन करतो म्हणाला. मावशीने त्याला शेवेची भाजी करून वाढली आणि दुपारभर गाऊन दाखवलं. तेच गाणं पुढे कुठल्याशा स्टुडिओत एका मुलीकडून गाऊन घेतलं, मागे बँजो आणि ढोल घातला, आणि 'अस्सल खानदेशी' म्हणून विकलं. गीतकाराच्या जागी लिहिलंय 'पारंपरिक'. त्याच्याखालीच, 'सर्व हक्क राखीव'. मावशीचं नाव पारंपरिक आहे हे मला तेव्हा कळलं. कुणाचंच नाही म्हणून घ्यायचं, आणि घेतलं की कुणाला हात लावू द्यायचा नाही. वर आमच्या नात्यातली पोरं मला कायदा शिकवणार, "आत्या, कॉपीराइटचा मान ठेवायला पाहिजे." हीच पोरं सिनेमा थिएटरात लागायच्या आत फोनवर फुकट बघतात.

मी पुन्हा हरकत घेतली. ती तपासायला कुणाकडे गेली, सांगा बरं? त्या कंपनीकडेच! पाकीट मारणाऱ्यालाच बोलावून विचारायचं, का रे बाबा, पाकीट तुझंच ना? कंपनी म्हणाली, हो, आमचंच. मिटलं.

तेव्हा मी कंपनीचा नंबर शोधून फोन लावला. पलीकडचा माणूस फार गोड बोलत होता. असल्या माणसांचा गोडवा मला आधीपासूनच सोसत नाही.

"मॅडम, ते ट्रॅडिशनल आहे."

"ट्रॅडिशनल आहे तर तुमचं कसं?"

"आम्ही रजिस्टर केलंय ना. आणि तुमच्या व्हिडिओतली चाल आमच्याशी मॅच झाली. सिस्टीमने पकडलं."

"अहो, ज्या बाईकडून तुम्ही ते नेलंत, तीच बाई आहे त्या व्हिडिओत!"

"तसं काही प्रूफ आहे का मॅडम?"

प्रूफ त्याच्याच गाण्यात होतं. स्टुडिओतल्या त्या मुलीला अहिराणीचा गंध नव्हता. लिहून घेणाराही तसलाच दिव्य असणार. त्यांनी कानाला वाटलं ते लिहिलं आणि तिने ते गळा काढून गायलं:

"विहीणबाई गं गया, तुझी कोरडी माया,
पाणी आलं डोळां, सुखी गया, सुखी गया!"

"गया म्हणजे काय हो?" मी विचारलं.

"गेली, मॅडम. मुलगी सासरी गेली. इमोशनल साँग आहे."

"बाई आणि गया? निदान 'गयी' तरी म्हणायचं! अहो, गया म्हणजे गळा. ते विहिणीच्या घशावर केलेलं गाणं आहे. मळ्याची माया केलीत, सुकीचं सुखी केलंत, आणि शिवीचं रडगाणं केलंत तुम्ही!"

तो गोड हसला. मग म्हणाला, "पण मॅडम, लोक रडतात त्याच्यावर. पाठवणीला सगळीकडे हेच लावतात."

"मग तुमचं गाणं वेगळं, आमचं वेगळं. आमचा आवाज द्या परत."

"चाल मॅच होतेय ना मॅडम," तो म्हणाला, आणि फोन ठेवला. नंतर त्याने माझा फोन उचलला नाही. दुसऱ्याच्या फोनवरूनही लावून पाहिलं. माझा 'हॅलो' ऐकला की कट.

मी अजून बरंच केलं. वकिलाला विचारलं. तो म्हणाला, होईल काहीतरी, पण वर्षं जातील. मावशीकडे कुठली आली वर्षं? सुना आठवून आठवून गायच्या, पण झटका कुठे द्यायचा यावर त्यांचं जमेना, आणि मावशी लाटणं आपटून थकली. आपटून चूक कळते, बरोबर काय ते कळत नाही. मग तिने फोन मागणंच सोडलं.

गेल्या हिवाळ्यात नात्यातलं एक लग्न नाशिकला झालं, पाथर्डी फाट्याच्या बाजूला एका लॉन्सवर. नामपूरहून गाडी भरून बायका आल्या, मावशीही आली. पंगत नव्हतीच, बुफे. शिव्या कुणाला देणार, पनीरला? पाठवणीची वेळ झाली, नवरी रडायला लागली, आणि डीजेवाल्याने ते लावलं. विहीणबाई गं गया. नाशिककर माणसं रुमाल काढून डोळे पुसायला लागली. एक गृहस्थ तर बायकोला म्हणाले, "काय शब्द आहेत नाही!" नामपूरच्या बायकांनी तोंडात पदर कोंबले, त्यांना हसू आवरेना.

मावशी हसत नव्हती. ती खुर्चीत ताठ बसली होती आणि स्पीकरबरोबर तिचे ओठ हलत होते. तिचे शब्द वेगळे होते. 'गया' आलं की ती बोट आपल्या गळ्यावर, टाक्यांच्या वणावर ठेवायची. हा. हा गया. आजूबाजूच्यांना वाटलं, म्हातारीला दाटून आलंय. एकीने पाणी आणून दिलं.

मला राहवलं नाही. मी तरातरा डीजेवाल्याकडे गेले. "बंद कर ते."

"काकू, ट्रेंडिंगला आहे."

"बंद कर म्हणते ना! आणि माईक दे."

शाळेत चाळीस-चाळीस पोरांना गप्प करणारा आवाज अजून माझ्याकडे आहे. त्याने दिला माईक. मला सूर नाही, घरात मी गुणगुणले तरी दारं लावून घेतात. पण मी मावशीच्या शेजारी उभी राहिले आणि म्हटलं, "हे रडायचं गाणं नाही, ही शिवी आहे, आणि ही हिने रचलीय," आणि गायला लागले. इहीनबाईना गया, जसा कोरडा मया. माझा आवाज फाटला. मावशीने माझ्या पाठीत थाप मारली, ठेका चुकला होता. मी पुन्हा सुरू केलं. तिची थाप पाठीवर पडत राहिली, आणि 'सुकी' वर तिने असा जोराचा गुद्दा घातला की झटका आपोआप गळ्यातून निघाला. नामपूरच्या बायका उठल्याच. सगळ्यांनी मिळून वरमाईला घेरलं. ती बिचारी रडायच्या तयारीने आलेली, तिला काही कळेना. कुणीतरी अर्थ सांगितला तशी ती पदर तोंडाला लावून इतकी हसली, इतकी हसली, की नवरी रडायची थांबली.

नवरीची वहिनी फोन उंच धरून हे सगळं चित्रित करत होती. संपल्यावर धावत मावशीकडे आली. "आजी, मस्त! टाकू का नेटवर? लगेच टाकते."

मावशीने तिच्या फोनवर हात ठेवला आणि काहीतरी म्हणाली. वहिनीला ऐकू आलं नाही. तिने कान जवळ आणला, तरी त्या गोंगाटात कळेना. मग मावशीने माझ्याकडे पाहिलं. मला ओठांवरून कळलं होतं, म्हणून मी मोठ्याने सांगितलं.

"ती म्हणतेय, टाकू नको. बस इथं, आणि पाठ कर."