दूधराज कोणी दाखवला

हे आजवर कोणाला सांगितलं नाही. पोरीला तर नाहीच.

त्या सकाळी आम्ही दोघं नवरा-बायको थर्मासच्या एकाच झाकणातून चहा प्यालो. तिलवारा गावाच्या पुढं, जंगलात. कुसुम म्हणाली, "कावळा पाहाले पण दुर्बीण लावता तुम्ही!" मी हसलो. बस, तेवढंच.

आता पोरीनं आईच्या फोटोशेजारी एका पाखराचा फोटो लावलाय. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते — आईनं जाताजाता बाबांना दूधराज दाखवला. लोकांचे डोळे भरतात.

फॅक्टरीतून रिटायर झाल्यावर आम्ही पाखरांच्या सर्व्हेत जायला लागलो. हौसेनं. मी चौथी शिकलेला, पण गळ्यात दुर्बीण आली की साहेब झाल्यासारखं वाटे. नियम एकच — ठरल्या जागी उभं राहायचं, आवाज काढायचा नाही. सर्व्हेवाली दीदी बजावून पुढं गेली होती, "अंकल, बिल्कुल चुप रहना."

मला दूधराजच पाहायचा होता. पांढराशुभ्र, रिबिनीसारखी शेपटी. सगळ्यांना दिसला होता, मलाच नाही. अन् तो आला. समोरच्या बांबूवर बसला.

तेव्हाच मागून कोणी शर्ट ओढला. मी वळलो नाही. पुन्हा ओढला. "अहो, छातीत—"

ऐकू आलं मला. नाही आलं असं कसं म्हणू? अन् मी काय केलं — डोळ्यांवरची दुर्बीण न काढता ओठावर बोट ठेवलं. श्श!

ती चूप झाली.

पाखरू उडून जाईस्तोवर मी पाहत राहिलो. मग वळलो. कुसुम झाडाला टेकून खाली बसली होती. डोळे उघडे. मी हलवलं, हाका मारल्या — आता कितीही मोठ्यानं. काही नाही.

हे बोट माझंच काय? रोज पाहतो त्याच्याकडं. काहून केलं असं? बायको मोठी की पाखरू, हे काय विचारायची गोष्ट आहे?

दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलं होतं. दीदी पण आली होती. पोरगी रडून राहिली होती. म्हणाली, "बाबा, आई काहीच नाही बोलली का हो?"

"नाही," मी म्हणालो. "दूधराज तिलेच आधी दिसला. मले दाखवाले मागून शर्ट ओढला."

पोरीचं रडणं थांबलं. "कसा?"

मी उभा झालो, हात पाठीमागं नेला, अन् सगळ्यांसमोर स्वतःचाच शर्ट ओढून दाखवला. दोनदा.