ताईनं दिलेलं उत्तर

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी स्टॅटिस्टिक्सच्या पहिल्या चाचणीत मला पंचवीसपैकी सहा मार्क पडले. पेपर मी घरात कुणाला दाखवला नव्हता. आईनं धुवायला दप्तरातून डबा बाहेर काढला, तेव्हा पेपर तेलानं डब्याच्या बुडाला चिकटून आला. ती तो घेऊन सरळ अप्पांकडे गेली.

अप्पा म्हणजे माझे वडील. म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात त्यांचं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान आहे. पणजोबा लुगडी रंगवायचे, आजोबा चादरींवर ठसे मारायचे, आणि अप्पा लग्नात तांबूल द्यायच्या कापडी पिशव्यांवर नवरानवरीची नावं छापतात. गणिताशी त्यांचा संबंध दहावीला सुटला. त्यांनी पेपर उलटापालटा करून पाहिला आणि एवढंच म्हणाले, "हे शिकवणारं कोणतरी असेल की या गावात. बघूया, पुट्टी." मला ते लहानपणापासून पुट्टीच म्हणतात, कन्नडात छोटी.

आणि त्यांनी खरंच शोधलं. शहराबाहेर बेळगोळच्या एका कारखान्यात क्वालिटी डिपार्टमेंटला काम करणारी एक बाई कार्यक्रमाच्या पिशव्या छापून घ्यायला दुकानात आली होती. अप्पा आईशी फोनवर मराठीत बोलताना ऐकून ती चमकली. पुण्याची होती, स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. झालेली, गोकुलम भागात एकटीच भाड्यानं राहणारी. म्हैसूरमध्ये चार वर्षं काढूनही तिला ऑफिसबाहेर मराठी बोलायला माणूस मिळालं नव्हतं. अप्पांनी तिला माझे सहा मार्क सांगितले. ती म्हणाली, "रविवारी पाठवा."

पहिल्या रविवारी मी तिला अक्का म्हटलं. ती हसली. "ताई म्हण गं. अक्का म्हणणारे खाली रस्त्यावर खूप आहेत." मग मी ताई म्हणू लागले आणि चारसहा आठवड्यांत 'तुम्ही'चं 'तू' झालं.

त्या दिवशी तिनं वही उघडू दिली नाही. एका स्टीलच्या भांड्यात कारखान्यातले तीस बोल्ट आणून ठेवले होते.

"यातला कुठला वेगळा वाटतो?"

"सगळे एकसारखेच आहेत की."

"मग मोज."

बारीक माप घ्यायचा व्हर्नियर कसा धरायचा ते तिनं दाखवलं. मी एकेक बोल्ट मोजून कागदावर लिहीत गेले. दोन बोल्ट एका मापाचे निघेनात. केसाएवढा फरक, पण फरक. ती म्हणाली, "आता यांची सरासरी काढ. आणि मला सांग, हे बोल्ट तिच्यापासून साधारण किती लांब उभे आहेत? तुझ्या त्या लांबलचक सूत्रात एवढंच विचारलंय. याला विचलन म्हणतात."

कितीतरी दिवस मी ते सूत्र वर्गमूळाच्या चिन्हासकट पाठ करत होते. ते काय विचारतंय हे मला त्या दिवशी कळलं. आणि विचलन हा शब्दसुद्धा. आमच्या घरातलं मराठी अर्ध्या वाटेवर कन्नडात शिरतं, 'अल्वा', म्हणजे 'नाही का', म्हणून संपतं. त्यात असले शब्द कुठून असणार? ताईकडे मी गणित शिकले तशी भाषाही शिकले.

होमवर्कची गणितं मी तिच्याकडे न्यायची. उत्तर ती कधीच सांगायची नाही. "उत्तर विचारू नकोस. तुझं चुकलं कुठे ते विचार," हे तिचं वाक्य. मी तासभर एकाच ओळीवर अडले तरी ती समोर बसून मटार सोलत राहायची, खिडकीतून योगाच्या चटया खांद्यावर टाकून जाणाऱ्या परदेशी मुली बघायची, पण सांगायची नाही. मला सापडलं की मात्र टाळी द्यायची. वर्षाअखेरीला मला शंभरपैकी एक्क्याण्णव मिळाले. अप्पांनी दुकानात आलेल्या प्रत्येकाला सांगितलं.

तिनं स्वतःबद्दलही सांगितलं होतं. तिला पीएच.डी. करायची होती. गाइड मिळाले होते, विषय ठरला होता. घरच्यांनी परस्पर नोकरीचं ठरवलं, तिच्या काकांनी शब्द टाकला, आणि ती कारखान्यात रुजू झाली. "मला कुणी विचारलंच नाही गं," ती म्हणाली होती. "सगळे माझ्याबद्दल आपापसांत बोलले आणि मला फक्त तारीख सांगितली." हे तिनं सांगितलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. इतकं मोठं माणूस आपल्याला इतकं आतलं सांगतं, याचाच मला अभिमान वाटला होता.

तिसऱ्या वर्षी मी ठरवलं की आपणही एम.एस्सी. करायची. हैदराबादच्या एका विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा होती. ताईनंच कधीतरी त्या विभागाचं कौतुक केलं होतं. घरी मी विषय काढला तेव्हा आईचं ऑपरेशन पंधरा दिवसांवर आलं होतं.  दुकानाच्या ऑर्डरी, कंप्युटरवरची डिझाइनं, गिऱ्हाइकांचे मेसेज हे सगळं तोवर मीच बघायला लागले होते. अप्पा फक्त म्हणाले, "मॅडमना विचार. त्या म्हणतील तसं करू."

मला तर हेच हवं होतं. पुढच्या रविवारी फॉर्मची प्रिंट घेऊनच मी गोकुलमला गेले.

ताईनं प्रिंट हातात घेतली, वाचली, टेबलावर ठेवली.

"ताई, मला जमेल ना?"

तिनं प्रिंट माझ्याकडे सरकवली. मग म्हणाली, "खरं सांगू? नाही जमणार. तुझी आकडेमोड चांगली आहे, मेहनत आहे. पण पुढचं गणित वेगळं असतं. त्याला लागणारी बुद्धी तुझ्याकडे नाही. तिथे जाऊन रडत परत येण्यापेक्षा इथे काहीतरी चांगलं कर." आणि गॅसवर दूध नसताना ती उठून स्वयंपाकघरात गेली.

ती माझ्याकडे बघत नव्हती, हे माझ्या लक्षात आलं होतं. मला वाटलं, मला दुखावल्याचं तिला वाईट वाटतंय. ती बाहेर आली तेव्हा मी म्हणाले, "थँक्स ताई. दुसरं कुणी असं तोंडावर बोललं नसतं." तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या शब्दावर मी विश्वास ठेवला. गणितात माझी प्रत्येक चूक तिनं बरोबर पकडली होती; मग ही का नाही?

फॉर्म मी भरला नाही. आईचं ऑपरेशन झालं, ती दोन महिन्यांत बरी झाली. मी दुकान बघू लागले. नंतर एका विमा ऑफिसात डेटा भरायची नोकरी धरली, संध्याकाळी दुकान. कॉलेजातल्या मैत्रिणी पुढे शिकायला गेल्या, त्यांचे फोटो यायचे. मला हेवा वाटायचा नाही. आपली उंची आपल्याला वेळेवर कळली असंच मी समजत होते. ताईकडे जाणं कमी झालं, पण सणाला मी डबा घेऊन जायचीच.

तीन वर्षं अशी गेली. माझी धाकटी बहीण बी.कॉम.ला होती आणि तिलाही अभ्यासाला स्टॅटिस्टिक्स आलं. तिला घरात मीच शिकवायची. एका दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत मी तिला रिग्रेशन समजावत होते. बोल्ट नव्हते, म्हणून अप्पांच्या ऑर्डरींची वही घेतली होती: महिन्यात लग्नाचे मुहूर्त किती आणि पिशव्या किती. बहिणीला ते एका झटक्यात कळलं. अप्पा दारात उभे राहून ऐकत होते. खूश होऊन म्हणाले, "त्या मॅडमपेक्षा तू छान सांगतेस. तेव्हा त्या म्हणालेल्या ते काही खोटं नव्हतं."

"काय म्हणाल्या होत्या?"

"हेच की, अशी मुलगी मी बघितली नाही म्हणून. हैदराबादला पाठवाच, पुढे पीएच.डी. करेल, असं म्हणत होत्या. मीच हात जोडले. म्हटलं, मॅडम, घरी ऑपरेशन आहे, दुकान आहे, ही गेली तर मी काय करू? माझं ती ऐकणार नाही, तुमचं ऐकेल. तुम्हीच समजवा तिला." मग माझा चेहरा बघून ते थांबले. "आता झालं की ते सगळं, पुट्टी. सुम्ने कशाला मनाला लावून घ्यायचं?"

सुम्ने म्हणजे उगाच. त्या शब्दावर मी बहिणीची वही मिटली. अप्पांनी हे लपवून ठेवलेलं नव्हतं. सांगण्याजोगं आहे असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं, आणि आज कौतुकाच्या भरात ते तोंडातून बाहेर आलं. मी घरी जाऊन आईला विचारलं. ती परडीत कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला नंतर कळलं गं. माझ्यासाठीच केलं ना त्यांनी." म्हणजे माझ्याबद्दल सगळे आपापसांत बोलले होते.

मी स्कूटर काढली आणि गोकुलमला गेले. ताई नुकतीच कामावरून आली होती, गळ्यातलं ओळखपत्रसुद्धा काढलं नव्हतं. मला बघून तिचा चेहरा फुलला. "अगं, न कळवता? बस, चहा टाकते."

"मला बुद्धी नाही, असं तुम्ही का सांगितलंत?"

'तुम्ही' ठरवून म्हटलं नव्हतं, आपोआप आलं. तिनं ते ऐकलं. ती खुर्चीत बसली.

"तुझ्या अप्पांनी सांगितलं?"

"हो."

"ते माझ्यासमोर रडले गं. याच खोलीत. एवढा मोठा माणूस. आई आजारी, दुकान... मला वाटलं, एक वर्षाचा प्रश्न आहे. पुढच्या वर्षी तू परत विचारशील."

"परत कसं विचारणार? तुम्ही 'यंदा नको' म्हणाला असता तर मी थांबले असते. 'आईजवळ राहा' म्हणाला असता तरी राहिले असते. मी काय आईला टाकून जाणार होते? तुम्ही तसं म्हणालाच नाहीत. तुम्ही म्हणालात, तुला जमणार नाही."

"तू ऐकलं नसतंस दुसरं काही."

"विचारलंत कुठे?"

तिनं गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. मला वाटत होतं, ती आता स्वतःची गोष्ट आठवेल, तिच्या काकांची, तारखेची. मी तिच्या तोंडाकडे बघत थांबले. ती म्हणाली, "मला वाटलं, खोट्यानं तुला कमी दुखेल. स्वप्न आहे पण जाता येत नाही, हे मी भोगलंय. स्वप्नच नसलं तर..."

वाक्य तिनं पूर्ण केलं नाही. मीही केलं नाही. खाली कुणीतरी नारळवाल्याशी मोडक्या कन्नडात भाव करत होतं. मी उठले. जिन्यापर्यंत ती मागे आली, "रागाव, पण ये," असं म्हणाली. मी गेले नाही. पुढच्या वर्षी ती बदली घेऊन पुण्याला गेली. जाण्याआधी दुकानात येऊन अप्पांना भेटली. मी त्या वेळी आत होते आणि बाहेर आले नाही.

अप्पांशी मी भांडले. एकदाच, पण मोठ्यानं, शेजारच्या वेल्डिंगवाल्यानं मशीन बंद करून ऐकावं इतकं. त्यांनी माफी मागितली नाही. आपलं काय चुकलं ते त्यांना कळलंच नाही, आणि मी समजावून दमले. आई बरी आहे, दुकान उभं आहे, मुलगी डोळ्यांसमोर आहे. त्यांच्या हिशेबात सगळं जमलं होतं.

मी इथल्याच विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश घेतला. नोकरी सोडली. वर्गातल्या मुली माझ्यापेक्षा तीनचार वर्षांनी लहान आहेत. अप्पा आता पाहुण्यांना सांगतात, "मोठी एम.एस्सी. करते," आणि मी ते ऐकून उठून जाते.

विषय अवघड आहे. अवघड असणारच, सगळ्यांनाच जातो. पण बाकीच्या अडतात तेव्हा त्या फक्त अडतात. मी अडले की मला ताईचा आवाज ऐकू येतो, अगदी शांत, मायेचा: त्याला लागणारी बुद्धी तुझ्याकडे नाही. ती खोटं बोलली होती, हे तिनंच कबूल केलंय. तरी प्रत्येक वेळी मला आधी तिच्याशी वाद घालावा लागतो आणि मग गणिताकडे वळावं लागतं.

गेल्या महिन्यात एका सिद्धतेत दोन दिवस अडकले. शेवटी वर्गातल्या एका मुलीला विचारलं. मंड्याकडची आहे, फार हुशार. तिनं कँटीनच्या टेबलावरच वही ओढून घेतली आणि कन्नडात सांगायला लागली. दहा मिनिटांत मला दिसलं. मी आभार मानले. ती म्हणाली, "अक्का, रोज बसूया ना आपण इथे. मलाही बरं पडेल. आणि तुम्हाला पटकन कळतं."

मी "हो" म्हणाले. पण तिचं ते 'पटकन कळतं' खरं की नुसतं मन राखायला, हे कसं ओळखायचं ते मला कळेना. दुसऱ्या दिवशी ती कँटीनमध्ये अर्धा तास माझी वाट बघत होती, असं नंतर समजलं. त्या वेळी मी लायब्ररीत, मागच्या कोपऱ्यातल्या टेबलावर एकटीच बसले होते.